१६०० आणि ८०० मीटर: वेगाची वाटणी आणि थकल्यावरचं पाऊल

मराठवाड्यातल्या कुठल्याही जिल्ह्याच्या ग्राउंडवर पहाटे जा, १६०० मीटरची तऱ्हा एकच दिसते. शिट्टी वाजली की पोरं सुसाट सुटतात आणि ४०० मीटरचा पहिला राऊंड ७० सेकंदांत संपतो. दुसरा ७९. तिसऱ्यात खांदे कानापर्यंत चढतात, टाचा आपटायला लागतात आणि घड्याळ ८५ दाखवतं. चौथा कसाबसा ८४. बेरीज ५ मिनिटं १८ सेकंद. हाच मुलगा ७७, ७८, ७९, ७६ असा धावला तर ५:१० होतात. बहुतेकांकडे त्यासाठी लागणारा दम आधीपासूनच असतो, तो चुकीच्या जागी खर्च होतो.

महाराष्ट्र पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांना १६०० आणि महिलांना ८०० मीटर धावावं लागतं. दोन्हींना २० गुण आहेत आणि पूर्ण गुणांची वेळ ५:१० आणि २:५० अशी राहिली आहे. नव्या भरतीची जाहिरात निघाली की गुणांचा तक्ता स्वतः वाचून घ्या. खालचे आकडे याच दोन वेळा धरून काढले आहेत. शालेय किंवा विद्यापीठ स्पर्धेत ८०० आणि १५०० धावणाऱ्यांनी आपापली वेळ घालून हेच गणित मांडावं.

तिसरा राऊंड पहिल्या २०० मध्येच बिघडतो

सुरुवातीचे आठ-दहा सेकंद शरीर स्नायूंत साठवलेल्या तयार शक्तीवर पळतं. त्या वेळी कितीही जोरात धावलं तरी सोपंच वाटतं, आणि इथेच फसगत होते. श्वास आणि हृदय पुरेसा प्राणवायू पोचवायला लागेपर्यंत मिनिटभर तरी जातं. मधल्या काळातली तूट शरीर प्राणवायूशिवाय शक्ती तयार करून भागवतं आणि त्यातून स्नायूंत आम्लता वाढते. ही सोय मर्यादित आहे. पहिल्या २०० मीटरला ३८ ऐवजी ३३ सेकंद घेतले तर वाचलेल्या पाच सेकंदांची किंमत तिसऱ्या राऊंडला दुप्पट मोजावी लागते. पाय 'भरतात' ते तेव्हा. (दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दुखतात त्याचा दोष मात्र लॅक्टिक ॲसिडला देऊ नका. ते धावल्यानंतर तासाभरात निघून जातं. ते दुखणं स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेचं असतं.)

८०० मीटरमध्ये साधारण दोन तृतीयांश शक्ती प्राणवायूवरच तयार होते आणि १५००-१६०० मध्ये तर चार पंचमांशाहून जास्त. म्हणून 'सोळाशे म्हणजे लांबलेली स्प्रिंट' ही ग्राउंडवरची समजूत सोडून द्यावी लागते.

आता वाटणी. १६०० साठी ५:१० म्हणजे ३१० सेकंद. चारने भागले तर राऊंडला ७७.५, २०० मीटरला ३८.७५ आणि १०० मीटरला १९.४. पहिले १०० मीटर १८.५ मध्ये झाले तर चालेल, कारण उभ्या जागेवरून निघाल्यावर वेग घ्यावाच लागतो आणि गर्दीत जागाही मिळवायची असते. पण २०० ची खूण ३८ च्या आधी येता कामा नये. पुढचे २०० मीटर ३९, असा पहिला राऊंड ७७. दुसरा ७८. तिसरा ७९, आणि हे ७९ राखायला पहिल्या ७७ पेक्षा कितीतरी जास्त जोर लागतो. ज्यांना 'तिसऱ्यात तेवढाच जोर लावला होता' असं वाटतं त्यांचा राऊंड ८३ ला गेलेला असतो. चौथ्याचे पहिले २०० मीटर ३९ आणि शेवटचे ३७.

८०० ची वाटणी वेगळी आहे. अंतर इतकं कमी की सुरुवातीला घेतलेली उसनवारी पुरती बाहेर यायच्या आत शर्यत संपते, म्हणून पहिला राऊंड दुसऱ्यापेक्षा थोडा जलद असलेला चांगला. केनियाच्या डेव्हिड रुडिशाने २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये १:४०.९१ चा विश्वविक्रम केला तेव्हा त्याचा पहिला राऊंड ४९.२८ चा होता आणि दुसरा ५१.६३ चा. २:५० साठी पहिला ८३ आणि दुसरा ८७ ठेवा. दोनशे-दोनशेचे तुकडे असे: ४०.५, ४२.५, ४४, ४३. मुलींमध्ये उलटी चूकही बऱ्याचदा दिसते. दुसऱ्या राऊंडच्या धास्तीने पहिला ९२ चा होतो आणि शेवटच्या १०० ला ताकद शिल्लक राहते. ते नऊ सेकंद मग परत मिळत नाहीत.

१९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमधली ८०० ची अंतिम शर्यत प्रत्येकाने बघावी. टोपी घातलेला अमेरिकेचा डेव्ह वॉटल सुरुवातीला सगळ्यांच्या मागे, बऱ्याच अंतरावर आहे. शेवटच्या सरळीत तो एकेकाला गाठत जिंकतो आणि पाहणाऱ्याला वाटतं, काय वेग वाढवला यानं. प्रत्यक्षात त्याचे चारही दोनशे जवळपास सारखे, साडेसव्वीस सेकंदांच्या आसपासचे होते. पुढचे मंदावले, तो मंदावला नाही.

आधी ग्राउंड मोजा

चारशेचा म्हणून ओळखला जाणारा कच्चा ट्रॅक कधी ३८० भरतो, कधी ४१५. त्यावरच्या टायमिंगवर विसंबलात तर भरतीच्या दिवशी धक्का बसतो. मोबाइल किंवा घड्याळातलं जीपीएसही वळणावळणाच्या ट्रॅकवर चुकतं, त्यामुळे ते इथे उपयोगाचं नाही.

जागा असेल तर ८० मीटरच्या दोन समांतर सरळ बाजू आखा आणि दोन्ही टोकांना ३८ मीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ काढून त्यावर फक्की मारा. धावणारा रेषेपासून साधारण २० सेंटीमीटर बाहेरून पळतो असं धरलं जातं. त्या हिशेबाने राऊंड बरोबर ४०० मीटर येतो. शाळेचं लहान मैदान असेल तर सरळ बाजू ४० मीटर आणि त्रिज्या १८.९० मीटर घेतली की राऊंड २०० चा होतो. त्याला साधारण ८५ बाय ४५ मीटर मोकळी जागा लागते. त्रिज्येसाठी सुतळी वापरू नका, ती ताणली जाते. लोखंडी टेप किंवा तार वापरा. दोनशेच्या ट्रॅकची वळणं आवळ असतात, तिथे वेळ थोडी जास्त येणारच.

मैदानच नसेल तर सपाट रस्त्यावर ४०० मीटर टेपने मोजा आणि दर १०० मीटरला रंगाची खूण करा. जायकवाडीच्या कालव्याच्या कडेचे मुरमाचे रस्ते यासाठी उत्तम, चढ-उतार जवळजवळ नाही आणि पायाखाली थोडं मऊ. काळ्या रानातून धावणं टाळा. उन्हाळ्यात भेगांत घोटा मुरगळतो आणि पावसाळ्यात बुटाला किलोभर चिखल चिकटतो. डांबरी रस्ता मधून उंच आणि कडेला उतरता असतो, म्हणून जाता-येता कायम आपल्या डाव्याच किंवा उजव्याच कडेने धावलं की एका खुब्यावर आणि गुडघ्यावर ताण येतो. जाताना रस्त्याच्या ज्या कडेने गेलात, तोंड फिरवून येताना त्याच कडेने या, म्हणजे उतार दोन्ही पायांना सारखा मिळतो. ऊसतोडीच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर पहाटे मागचा दिवा नसताना चालतात. तेवढे महिने हमरस्ता सोडाच.

वेग पायांना शिकवायचा

भरतीच्या दिवशी हातात घड्याळ असेलच असं नाही, आणि असलं तरी पळताना सारखं बघता येत नाही. ७७ चा राऊंड कसा लागतो हे शरीराला कळायला हवं. त्याला चार टप्पे लागतात आणि प्रत्येकाला साधारण दोन आठवडे द्यावे.

एक गोष्ट आधी पक्की करा. सराव आजच्या वेळेवरून सुरू होतो, हव्या असलेल्या वेळेवरून नाही. आज ५:४० ला धावणाऱ्याचा राऊंड ८५ चा आहे. त्याने पहिल्याच आठवड्यात ७७ चे चारशे मारायला घेतले तर तो वेग नाही शिकत, तग धरण्याची धडपड शिकतो आणि पाऊलही बिघडवून घेतो. ८४ पासून सुरुवात करावी आणि दोन-तीन आठवड्यांनी एकेक-दोन सेकंद कमी करत यावं. पुढच्या उदाहरणांत ७८ चा राऊंड धरला आहे, तिथे आपला आकडा घाला.

पहिला टप्पा दोनशेचा. दर ५० मीटरला खूण, ३९ सेकंदांचे २०० मीटर, आठ वेळा, मध्ये २०० मीटर चालत किंवा हळू पळत. जोडीदार फक्त १०० च्या खुणेवर सेकंद ओरडेल. नियम कडक ठेवा: ४१ जसे चुकले तसेच ३७ पण चुकले. लवकर पोचल्याबद्दल शाबासकी दिली की सगळा सराव फुकट जातो.

दुसऱ्यात तेच दोनशे, पण कोणी काही ओरडायचं नाही. रेषा ओलांडताच धावणाऱ्याने आपला अंदाज मोठ्याने सांगायचा आणि मग जोडीदाराने घड्याळ दाखवायचं. दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा. सुरुवातीला तीन-तीन सेकंदांचा फरक येतो. आठही वेळा तो सेकंदाच्या आत आला की पुढे सरका.

तिसरा टप्पा चारशेचा: ७८ चे सहा राऊंड, मध्ये ९० सेकंद. इथे पहिल्या आणि सहाव्या राऊंडचा फरक दोन सेकंदांपेक्षा जास्त आला तर वेग आपल्या सध्याच्या ताकदीपेक्षा जास्त धरलाय असं समजा.

चौथा टप्पा थकल्यावरच्या वेगाचा, आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा. ८०० मीटर २:३६ मध्ये, ६० सेकंद उभं राहून श्वास, लगेच ४०० मीटर ७८ मध्ये. सात-आठ मिनिटं विश्रांती घेऊन पुन्हा एकदा तेवढंच. त्या चारशेत तिसऱ्या राऊंडची सगळी लक्षणं उतरतात आणि तिथेच पाऊल कसं राखायचं ते शिकता येतं. आठवड्यातून एकदाच करा.

पावलाचं गणित

वेग म्हणजे पावलाची लांबी गुणिले एका मिनिटातली पावलं. ५:१० च्या १६०० ला सेकंदाला ५.१६ मीटर जावं लागतं. मिनिटाला १८० पावलं पडत असतील तर प्रत्येक पाऊल १.७२ मीटरचं हवं, १९० पडत असतील तर १.६३ पुरे. १.७२ च्या हिशेबाने पूर्ण शर्यतीत साधारण ९३० पावलं पडतात. पावलांची गती तीच राहून प्रत्येक पाऊल फक्त ५ सेंटीमीटरने आखडलं तर ४६ मीटर कमी पडतात, म्हणजे नऊ सेकंद. दोन बोटं-तीन बोटं वाटणाऱ्या फरकाचं हे मोल आहे.

हे ऐकून पाऊल लांब टाकायला जाल तर आणखी नुकसान होईल. पाऊल दोन प्रकारे लांबतं. मागच्या पायाने जमिनीला जोर देऊन शरीर पुढे फेकलं जातं तो खरा प्रकार. पुढचा पाय गुडघ्यातून सरळ करून लांब टेकवायचा हा खोटा. दुसऱ्यात टाच शरीराच्या बरीच पुढे पडते, नडगी मागे कललेली असते आणि प्रत्येक पावलाला ब्रेक लागतो. थकलेला माणूस नेमकं हेच करतो, कारण मागून जोर द्यायची ताकद संपलेली असते.

आपलं काय होतंय ते कच्च्या ग्राउंडवर फुकटात मोजता येतं. सिंथेटिक ट्रॅकवर ही सोय नाही. एका सरळ बाजूवर पहिल्या लेनमध्ये २० मीटरचा पट्टा निवडा, आदल्या संध्याकाळी त्यावर झारीने पाणी मारा आणि सकाळी वरची माती हलकी खरवडून सारखी करा. ओल इतकीच हवी की ठसा उमटेल, पाय रुतणार नाही. १६०० ची चाचणी धावताना पहिला राऊंड गेला की जोडीदाराने ठसे मोजायचे आणि पट्टा पुन्हा सारखा करायचा. तेच तिसऱ्या आणि चौथ्या राऊंडला. मोजणी चवड्याच्या टोकापासून: पहिल्या ठशाच्या टोकापासून अकराव्याच्या टोकापर्यंत टेप धरा आणि दहाने भागा. त्याच वेळी दुसऱ्या कोणी उजवा पाय २० सेकंदांत किती वेळा टेकतो ते मोजून सहाने गुणायचं. ३० आले तर मिनिटाला १८० पावलं.

हे दोन आकडे सगळं सांगतात. चौथ्या राऊंडला पावलांची गती तीच, पण लांबी १.७२ वरून १.६० वर आली असेल तर मागचा जोर कमी पडतोय. त्याला चढ आणि पोटरी-खुब्याचा व्यायाम हवा. लांबी तेवढीच किंवा जास्त, पण गती १८० वरून १७० ला उतरली असेल तर पाय पुढे फेकले जाताहेत. दोन्ही घटले असतील तर दोष पायांचा नाही, पहिल्या २०० चा आहे.

ठसा वाकून नीट बघा. टाचेचा खड्डा खोल आणि माती पुढच्या बाजूला सरकून तिचा छोटा उंचवटा झाला असेल तर ब्रेक लागतोय. चवड्याखालची माती मागे ढकललेली असेल तर जोर योग्य दिशेला जातोय. डावे आणि उजवे ठसे एकाच सरळ रेषेवर किंवा एकमेकांना ओलांडून पडत असतील तर खुबे डुलताहेत किंवा हात छातीसमोरून आडवे जाताहेत. दोन ठशांच्या आतल्या कडांमध्ये थोडी तरी फट दिसायला हवी.

मोबाइलचाही चांगला उपयोग होतो. स्लो मोशनमध्ये, धावणाऱ्याच्या कमरेच्या उंचीवर धरून, आठ-दहा मीटर अंतरावरून, बाजूने. व्हिडिओ थांबवायची जागा एकच: पाय जमिनीला टेकतो ती पहिली फ्रेम. नडगी उभी किंवा जवळपास उभी असेल तर ठीक. पाऊल गुडघ्याच्या पुढे गेलेलं दिसलं तर लांब पडतंय. पाऊल अगदी कमरेखालीच पडलं पाहिजे असं काही जण सांगतात, ते होत नाही. ते थोडं पुढेच पडतं, प्रश्न किती पुढे याचा आहे. २४० फ्रेमच्या व्हिडिओत पाय किती फ्रेम जमिनीवर राहतो तेही मोजा: ४८ फ्रेम म्हणजे ०.२ सेकंद. पहिल्या राऊंडला ४८ आणि चौथ्याला ५८ आल्या तर थकलेला पाय जमिनीवर रेंगाळतोय.

दुरुस्ती कशी करायची? पावलांची गती आधी पाच टक्क्यांपर्यंतच वाढवा, १७० असेल तर १७८. मोबाइलवर मेट्रोनोम (ठरावीक गतीचा ठेका देणारं ॲप) लावून निवांत धावण्यात रोज पाच-पाच मिनिटं त्या ठेक्यावर धावा. टाचेवर पडणाऱ्याला जबरदस्तीने चवड्यावर धावायला लावू नका. गती थोडी वाढली आणि पाय शरीराजवळ पडू लागला की पाऊल आपोआप मधल्या भागावर येतं. जबरदस्तीने बदललं तर महिन्याभरात पोटरी किंवा टाचेची शीर धरते.

मागचा जोर चढावर येतो. बालाघाटच्या कुशीतल्या गावांना चढ शोधावा लागत नाही. सपाट भागात पाझर तलावाच्या बंधाऱ्यावर चढणारा रस्ता चालतो. १०० मीटरला पाच ते आठ मीटर चढेल इतपतच चढण हवी. आठ-दहा सेकंद पूर्ण जोराने वर, चालत खाली, दोन मिनिटं थांबून पुन्हा, असं सहा ते आठ वेळा. दम लागण्यासाठी हे करायचं नाही, प्रत्येक वेळी ताजं असावं लागतं. शिवाय पायरीच्या कडेवर एका पायाने टाच वर-खाली, १५ चे तीन सेट, आणि एका पायावर अर्ध बसणं, ८ चे तीन सेट, आठवड्यातून दोनदा.

हातांकडे फार कमी जण लक्ष देतात. कोपर साधारण काटकोनात, हात कमरेपासून छातीपर्यंत पुढे-मागे, नाकाच्या सरळ रेषेपलीकडे नाही. मूठ सैल, अंगठा तर्जनीवर नुसता टेकलेला. पाय हातांच्या ठेक्याने चालतात, म्हणून शेवटच्या राऊंडला 'पाय उचल' असं ओरडण्यापेक्षा 'कोपर मागे' असं सांगितलेलं कामी येतं. खांदे चढले की दोन पावलांपुरते हात खाली सोडून झटका आणि पुन्हा ठेका धरा. नजर २०-२५ मीटर पुढे. मान मागे टाकली की कंबर मागे राहते आणि पाऊल पुन्हा लांब पडायला लागतं.

श्वास फक्त नाकाने घ्यायचा ही समजूत कित्येक ग्राउंडवर घट्ट बसली आहे. या वेगाला नाक पुरत नाही. तोंड आणि नाक दोन्हीने, दोन पावलांना आत आणि दोन पावलांना बाहेर. शेवटच्या ३०० मीटरला ठेका मोडतो, मोडू द्या. बरगडीखाली कळ आली तर वेग किंचित कमी करून श्वास पूर्ण बाहेर सोडा, आणि पुढच्या वेळी धावण्याआधी दोन-तीन तास पोटभर खाऊ-पिऊ नका.

आठवडा कसा मांडायचा

आज ५:४० च्या आसपास असलेल्यासाठी: सोमवारी निवांत ४० मिनिटं, किलोमीटरला ५:३० ते ६:१०, बोलत धावता येईल इतपत, आणि शेवटी ८० मीटरचे सहा स्ट्रायडिंग (सैल अंगाने, वेग हळूहळू वाढवत नेलेली छोटी धाव). मंगळवारी दोनशे किंवा चारशे. बुधवारी निवांत ३० मिनिटं आणि ताकदीचा व्यायाम. गुरुवारी २० मिनिटं सलग ४:१५ ते ४:२५ च्या वेगाने, अवघड पण सांभाळता येईल असं. शुक्रवार सुट्टी. शनिवारी चढ किंवा चौथ्या टप्प्याचा सराव, आलटून पालटून, आणि थोडा ताकदीचा व्यायाम. रविवारी सलग तासभर निवांत. १६०० ची पूर्ण चाचणी तीन-चार आठवड्यांतून एकदाच, दर वेळी त्याच वेळेला आणि त्याच ग्राउंडवर. रोज सोळाशे मारून टायमिंग घेणाऱ्याचं टायमिंग महिन्याभरात गोठतं.

एप्रिल-मे मध्ये परभणी-नांदेडकडे सकाळी आठलाच ऊन तापतं. जोराचा सराव सहाच्या आत सुरू करा. जमलं नाही तर त्या दिवशीच्या वेळा हिवाळ्यातल्या वेळांशी ताडून पाहू नका.

नडगीच्या आतल्या कडेला पसरट दुखत असेल तर चार-पाच दिवस धावणं निम्मं करा. पण हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवल्यावर दुखत असेल आणि त्या पायावर उडी मारताना कळ येत असेल तर धावणं बंद आणि थेट डॉक्टर, हाडाला बारीक चीर असू शकते. वेदना मारणारं इंजेक्शन घेऊन चाचणीला उतरण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, त्यात चिरलेलं हाड मोडू शकतं.

शर्यतीच्या दिवशी

हलकं खाणं तीन तास आधी, रोजचंच. धावायला दीड तास उशीर होईल हे गृहीत धरून जा, बॅचचा नंबर कधी लागेल सांगता येत नाही. बॅच पुकारायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी दहा मिनिटं हळू पळणं आणि चार स्ट्रायडिंग, त्यातलं शेवटचं शर्यतीच्या वेगाने. ताटकळत बसावं लागलं तर दर दहा मिनिटांनी उठून मिनिटभर जागेवर पळा. नवे बूट त्या दिवशी काढू नका. अनवाणी सराव केला असेल तर अनवाणीच धावा.

सुरुवातीला आतल्या कोपऱ्यात कोंडून घेऊ नका. थोडं बाहेरून निघा, ६०-८० मीटरमध्ये आपल्या वेगाचे चार-पाच जण हेरा आणि पहिलं वळण संपेपर्यंत त्यांच्या मागे आतल्या कडेला या. पुढे वाऱ्यासारखे सुटलेले दहा जण दिसतील, त्यातले सहा-सात तिसऱ्या राऊंडला भेटतात.

वळणावर दुसऱ्या लेनमधून धावलं की दर वळणाला साडेतीन मीटर जास्त पडतात. आठही वळणं तशी काढली तर २८ मीटर, म्हणजे साडेपाच सेकंद. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये (अडथळ्यांच्या शर्यतीत) ८:११.२० वेळ देऊन दुसरा आला. सुवर्णपदकापासून तो ०.०५ सेकंद दूर होता, त्या वेगाला जेमतेम फूटभर. असे साडेतीन मीटर वळणावर टाकून देणं कोणालाच परवडत नाही. पुढच्याला गाठायचं ते सरळ बाजूवर, वळणाच्या आधी वीस मीटर सुरू करून वळण लागायच्या आत संपवायचं. मध्येच अडकलात तर वळणभर मागेच राहा.

वळणात शरीर घोट्यापासून किंचित डावीकडे कलतं, उजवा हात थोडा मोकळा फिरतो. कमरेतून वाकू नका.

१००० मीटरला मन भरकटतं आणि वेग नकळत उतरतो. तिथून १२०० पर्यंत कोपरांचा ठेका मोजत राहा आणि पुढच्याच्या पाठीवरचा नंबर नजरेतून सोडू नका. शेवटच्या राऊंडची घंटा वाजली की लगेच उसळू नका. १४०० च्या खुणेपासून पावलं जलद करा, लांब नाही. शेवटच्या ६० मीटरला पाय जड झाले तरी छाती वर आणि हात चालू. रेषेवर थांबायचं नाही, रेषेपलीकडच्या पाच मीटरवर नजर ठेवून तिथपर्यंत धावा. मग लगेच खाली बसू नका, चार-पाच मिनिटं चालत राहा, आणि बाहेर पडण्याआधी आपला नंबर आणि वेळ नोंदवली गेल्याची खात्री करून घ्या.